बारशाआधी लिनक्स

सीवूड्सच्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रातला कॉम्प्युटर सरळ बंद पडला असता तर एक वेळ परवडलं असतं. तो बंद पडला नव्हता. तो सुरू होत होता, हिरवागार डोंगर दाखवत होता, आणि व्हिडिओ कॉलचं पान उघडायला गेलं की अत्यंत नम्रपणे सांगत होता, की आपली विंडोज फार जुनी झाली आहे, आता जमणार नाही.

"माणसं जुनी झालेली चालतात या केंद्रात, आणि ह्याला विंडोज चालंना!" हौसेराव मोहिते स्वतःशीच म्हणाले.

हौसेराव म्हणजे केंद्राचे सर्वेसर्वा. मूळचे पाटणकडचे, पण उभी हयात वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गेलेली. गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळचा माल कसा आहे ते सांगणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी केंद्राचे कॅरम, वर्तमानपत्रं आणि हा कॉम्प्युटर असं सगळंच अंगावर घेतलं होतं. येत नसलेली गोष्ट शिकून घ्यायची त्यांना दांडगी हौस होती. प्रोजेक्टर भिंतीवर उलटा दिसायला लागला तेव्हा इतरांनी माना वाकड्या करून बातम्या बघितल्या. हौसेरावांनी मात्र माहितीपुस्तिका वाचून तो सुलटा केला.

पण या वेळी मामला नाजूक होता. येत्या रविवारी संध्याकाळी पंढरी पाटलांच्या नातवाचं बारसं होतं. पंढरी हे करावे गावचे, हौसेरावांचे जिवलग मित्र. त्यांची लेक शर्मिला कॅनडात. बाळंतपणाला जायचं म्हणून तिची आई पुतळाबाई डिंकाचे लाडू बांधून तयार होती, आणि विमानात बसायच्या आधीच जिन्यावरून घसरून पाय मोडून बसली. पुतळाबाईंच्या पाळण्याशिवाय गावात एक बारसं झालेलं नव्हतं, आणि आता सख्ख्या नातवाचंच राहणार होतं. मग असं ठरलं, की पाळणा इथून म्हणायचा आणि तो तिथे ऐकायचा. गावातल्या बायका घरात मावणार नाहीत, म्हणून केंद्राचा मोठा पडदा. "मशीनचं माझ्याकडं लागलं," असं हौसेराव छातीवर हात ठेवून बोलून बसले होते.

दुकानदाराने निदान केलं, की यंत्र ठणठणीत आहे, पण नवी विंडोज याच्यावर चढणार नाही, नवीनच घ्या. नवीन घ्यायचं तर समितीची बैठक, आणि समितीची बैठक म्हणजे बाळाची मुंज उजाडली असती. हौसेराव आपल्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या उदयसिंहकडे गेले. हा कराडचा पोरगा ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत होता.

"काका, विंडोज काढून लिनक्स टाका. फुकट असतं."

"फुकट?" हौसेरावांच्या भुवया वर गेल्या. मार्केटात फुकट म्हटलं की माल आधी हुंगून बघतात. "नासकं असंल."

"नाही हो काका. जगभरची माणसं मिळून बनवतात आणि वाटतात. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही बघावं."

"गोणीचं तोंड उघडं ठेवून इकत्यात म्हण की."

"विकतच नाहीत. देतात."

"मग त्यांचं पोट कशावर चालतं?"

उदयसिंहने बरंच समजावून सांगितलं. हौसेरावांना त्यातलं निम्मं कळलं, पण जेवढं कळलं तेवढ्याने ते पार हरखून गेले. कोण कुठला परका माणूस, दिवसभराचं काम उरकून घरी बसतो आणि आपल्यासारख्याला कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून झटतो, हे त्यांना फार थोर वाटलं.

"काय माणसं असतील रं!" ते म्हणाले. "टाक मग आजच."

"टाकतो. उबंटू टाकतो."

इथे गाडी सुरळीत जायला हरकत नव्हती. पण लिफ्टमध्ये त्यांना मनस्वी भेटली. ही पंढरींची पुतणी, रबाळ्याच्या कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणारी. हौसेरावांनी तिला मोठ्या आनंदाने बातमी सांगितली.

"उबंटू? काका, काहीही काय!" मनस्वीने लिफ्टचं दार धरून ठेवलं. "तुमी मिंट टाका. विंडोजवाल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं. कुणी सांगितलं तुमाला उबंटू?"

"म्हंजे, दोन असत्यात?"

"दोन? काका, लिनक्स शेकड्यांनी असतात."

लिफ्टसाठी वरून कुणीतरी हाका मारत होतं, पण हौसेरावांना ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या एखाद्याने दोन्ही पोरांपैकी एकाचं ऐकलं असतं आणि पान खायला गेला असता. पण ज्याने आयुष्यात गोणी न उघडता सौदा केला नाही, तो बघितल्याशिवाय हो कसं म्हणणार? त्यातच उदयसिंहने सांगून ठेवलं होतं, की पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, कॉम्प्युटरमधलं काही न पुसता. "चाखून बघायचं म्हण की!" असं म्हणून हौसेरावांनी पेनड्राइव्ह कसा भरायचा ते शिकून घेतलं आणि ते कामाला लागले. उबंटू बघितलं, आवडलं. मिंट बघितलं, तेही आवडलं. फेडोरा बघितलं, आणि अडचण अशी, की तेही आवडलं. बायकोच्या, राहीबाईंच्या, मसाल्याच्या डब्याच्या झाकणात पेनड्राइव्ह जमायला लागले. इंटरनेटवर सल्ला बघावा तर तिथे एकाने भाबडेपणाने विचारलं होतं, "नवशिक्याने कोणतं घ्यावं?" आणि खाली माणसं अशी तुटून पडली होती, की विचारणारा पुन्हा तिकडे फिरकलाच नव्हता.

ही धामधूम केंद्रात लपून कशी राहणार? मंडळी पडद्यासमोर खुर्च्या टाकून बसू लागली. शिवराम मास्तरांना एकातलं घड्याळ ठळक वाटलं, तर केशरबाईंना दुसऱ्यातला पत्त्यांचा डाव आवडला. बघता बघता केंद्रात दोन तट पडले. ज्यांना कॉम्प्युटरचं बटण कुठे असतं हे माहीत नव्हतं, ती माणसंसुद्धा "आम्ही मिंटवाले" म्हणून वेगळा चहा मागवू लागली. मतदान घेतलं तर समसमान. सगळ्यांच्या नजरा हौसेरावांकडे वळल्या. हौसेरावांनी चष्मा काढला, पुसला, आणि सभा तहकूब केली.

घरी जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. राहीबाईंनी विचारलं, "आवो, मला बघायला आलावता, त्याच्या आधी किती पोरी बघितल्यावत्या?"

"एकबी न्हाय. तूच पयली."

"मग? झाला का न्हाय संसार?"

"तवा आणखी बघाय मिळतंय, हे कुणी सांगितलंच न्हवतं," हौसेराव तंद्रीत बोलून गेले. त्यानंतर ताटात पडलेली भाकरी गार होती आणि तिच्याबरोबर काही नव्हतं.

रविवार उजाडला तरी हौसेरावांचं ठरलं नव्हतं. दुपारी त्यांनी दोन्ही पोरांना केंद्रात बोलावलं, हेतू असा की समोरासमोर सोक्षमोक्ष लावावा. उदयसिंह आणि मनस्वी कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि जे सुरू झालं ते थांबेना. हळूहळू करावे गावच्या बायका येऊ लागल्या. पाळण्याला झेंडू बांधला गेला, घुगऱ्यांचं पातेलं आलं. पुतळाबाईंना खुर्चीसकट उचलून आणून पडद्यासमोर बसवलं. हिरवी साडी, नाकात नथ, पायाला प्लास्टर. पडदा मात्र अजून काळाच होता.

"हौसेराव," पंढरी कानाशी येऊन म्हणाले, "तिकरं पोरगी फोनवर फोन करतेय. आमचे नातवाचा बारसा हाय, तुझे मशिनीचा नाय!"

हौसेरावांना घाम फुटला. ते गडबडीने वळले, त्यांचा हात पेनड्राइव्हच्या झाकणाला लागला आणि सगळे पेनड्राइव्ह खणखणत टेबलाखाली गेले. सगळे काळे, सगळे सारखे, एकावरही नाव नाही. हौसेराव गुडघ्यांवर बसले, जो हाताला लागला तो उचलला, मनातल्या मनात पाटणच्या ग्रामदैवताला हाक मारली आणि तो कॉम्प्युटरला लावून टाकला.

पडद्यावर भराभर अक्षरं धावली, थांबली, आणि स्वच्छ निळं पान उघडलं. हौसेरावांनी कॉल लावला. क्षणात भिंतीएवढी शर्मिला दिसली, मागे बर्फाने भरलेली खिडकी, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. बायकांच्या तोंडून एकदम "अगो माय!" निघालं. पुतळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि घसा खाकरून पाळणा सुरू केला.

शर्मिला पलीकडून हातवारे करत होती. "आई, दिसतेस तू, पण ऐकायला येत नाय! आवाज नाय येत!"

पुतळाबाई थांबल्या. सगळं केंद्र हौसेरावांकडे बघू लागलं. आणि तेव्हा त्यांनी जे पाहिलं, ते ते पुढे कित्येक दिवस ज्याला त्याला सांगत होते. इतका वेळ एकमेकांच्या उरावर बसलेली ती दोन पोरं एका शब्दाने न बोलता टेबलाखाली घुसली. मनस्वीने माइकची वायर काढून मागच्या भोकात खोचली. उदयसिंहने काळी चौकट उघडून काहीतरी टाइप केलं. "तो माइक कुठला पकडतोय बघ," ती म्हणाली. "कॅमेऱ्यातला बंद पडलेला धरलाय. बदलतो," तो म्हणाला. "हं, आता." "झालं." एक सांगत होती, दुसरा तोच शब्द अर्ध्यावर झेलत होता, एका चुलीवर दोघांनी जन्मभर स्वयंपाक केला असावा असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

"आई, आला आवाज!" शर्मिला ओरडली.

पुतळाबाईंनी पाळणा पुन्हा पहिल्यापासून धरला. गावच्या बायकांनी मागून सूर दिला. इकडे रिकाम्या पाळण्याला झोका मिळत होता आणि तिकडे समुद्रापलीकडे बाळ आजीच्या आवाजावर हळूहळू डोळे मिटत होतं. तिकडे आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, ते पडद्यातून सगळ्या केंद्राने ऐकलं: हितेश. पंढरी एवढे दांडगे गृहस्थ, पण भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होते. हौसेराव कोपऱ्यात उभे होते. ज्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत, त्या माणसांनी कुठेकुठे बसून हे जुळवलं आणि आपल्या पुतळाबाईंचा पाळणा तिकडे पोचवला, हे त्यांच्या मनात आलं. त्यांनी भिंतीकडे बघत कुणाला तरी हात जोडले. बायकांना वाटलं, बाळाला जोडले.

घुगऱ्या वाटून झाल्या, खोली रिकामी झाली, तेव्हा उदयसिंह म्हणाला, "बघितलंत काका? ऐन वेळेला उबंटूच कामाला आलं."

"उबंटू?" मनस्वी म्हणाली. "मिंट आहे ते!"

दोघं पडद्यावर वाकले.

"हे डेबियन आहे," उदयसिंह सावकाश म्हणाला. "हे कुणी आणलं?"

"मीच उतरवून घेतलेलं," हौसेराव अपराध्यासारखे म्हणाले. "जिथं तिथं त्याचं नाव यायचं, म्हणून घेतलं. चाखायचं राहिलं. वाईट हाय का?"

"वाईट कसं असेल काका?" मनस्वी ओशाळून हसली. "उबंटू याच्यावरूनच बनलंय."

"आणि मिंट उबंटूवरून," उदयसिंह म्हणाला.

हौसेरावांनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं. "म्हंजे दुपारधरनं तुमी दोघं भांडताय, आठवडाभर केंद्रात चहा वेगळा येतोय, आणि ह्यो तुमच्या दोघांचा आजा?"

दोघांनी माना हलवल्या. हौसेराव इतके हसले, की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग डोळे पुसून म्हणाले, "ठरलं तर. हेच कायमचं टाका."

दोघंही लगेच कबूल झाले. टाकायला सुरुवात झाली. भाषा विचारली, गाव विचारलं, सगळं एकमताने पार पडलं. आणि मग पडद्यावर एक यादी आली.

"हे काय आता?" हौसेरावांनी विचारलं.

"पडद्यावरची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, कोणता पाहिजे ते विचारतंय," उदयसिंह म्हणाला. "सातआठ प्रकारचे असतात. ग्नोम घेऊ."

"ग्नोम?" मनस्वीने खुर्ची पुढे ओढली. "या जुन्या मशीनवर? एक्सएफसीई घे, हलकं असतं."

"हलकं आहे, पण दिसतं कसं!"

हौसेरावांनी त्या यादीवर ओझरती नजर टाकली. क्षणभर त्यांचा हात नकळत खिशातल्या चष्म्याकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला, केंद्राची किल्ली अलगद दोघांच्या मध्ये ठेवली, उरलेल्या घुगऱ्यांची वाटी तिच्या शेजारी सरकवली आणि ते पंढरींच्या घरी जेवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, बातम्या लागल्या, केशरबाईंनी पत्ते मांडले. कोणता डेस्कटॉप टाकला, असं शिवराम मास्तरांनी विचारलं.

"चांगला टाकलाय," हौसेराव म्हणाले आणि त्यांनी कॅरमची सोंगटी मारली.