दोन रेघांचा तलाव

परिशिष्ट यांची बाहेरून काम करण्याची परवानगी गुरुवारी सकाळी अकरा वाजून एकतीस मिनिटांनी एकमताने आणि कायमची मंजूर झाली. असा कोणताही ठराव झालेला नाही. तशी बैठक भरलेली नाही, तिला एकोणचाळीस माणसं हजर नव्हती आणि शेवटी कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. तेव्हा हे घडलंच नाही असं धरून आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

माणसाला स्वातंत्र्य प्रिय असतं आणि स्वातंत्र्याला चांगलं नेटवर्क लागतं.

परिशिष्ट हे त्याचं खरं नाव नव्हे. लिफ्टमध्ये लावायच्या सूचना लिहून देणाऱ्या एका कंपनीत तो नियम लिहायचा. ('घाबरू नका. दार आपोआप उघडेल. न उघडल्यास दोन नंबरचं बटण दाबा व घाबरू नका,' हे त्याचं गाजलेलं लेखन.) कशालाही शेवटी एक परिशिष्ट जोडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं. स्वतःच्या लग्नपत्रिकेलाही त्याने एक जोडलं होतं (गाडी कुठे लावावी, कुठे लावू नये, अपवाद), म्हणून बायकोनेही तेच नाव पुढे चालवलं.

कंपनीत बाहेरून काम करायची सोय होती आणि तिची नियमावलीही त्यानेच लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी, स्वतःच्या टेबलावर, भिंतीतून आलेली जाड निळी वायर संगणकाला जोडलेली असताना. त्यातलं चौदावं कलम त्याला फार आवडायचं: 'एका तिमाहीत कर्मचाऱ्याची जोडणी तीन वेळा तुटल्यास त्याला बाहेर राहण्यात रस नाही असे समजून परवानगी आपोआप रद्द होईल.' यातल्या 'आपोआप'वर तो खूश होता. त्या शब्दात कुणाशी वाद घालायला जागाच उरत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

कॅराव्हॅन घ्यायचं मात्र बायकोच्या डोक्यातून निघालं. ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आणि गेली सहा वर्षं समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बघून तळी, नद्या आणि समुद्र काढत होती. "एकदा तरी खरं पाणी समोर ठेवून पाणी काढू दे रे," ती म्हणाली. तिच्याकडे नवं काम आलं होतं: पाण्याची बारा चित्रं. घराला कुलूप लागलं. चाकांवरचं घर आलं. त्यात दोन पलंग, एक ओटा, एक घडीचं टेबल आणि एक न्हाणीघर, ज्यात एका वेळी माणूस किंवा बादली यांपैकी एकच मावत असे. सोबत सासूबाई निघाल्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची संधी कुणाला मिळाली नाही.

निघण्याआधी परिशिष्टाने 'अखंड इंटरनेट योजना' तयार केली. तिच्यात तीन वेगवेगळ्या कंपन्यांची तीन सिमकार्डं होती, म्हणजे एक गेलं तरी दोन राहतील. (तिन्ही कंपन्या एकाच टॉवरवर नांदतात आणि जाताना एकत्र जातात, हे चौथ्या दिवशी कळलं.) टपावर एक अँटेना होता. तो आलेला सिग्नल दुप्पट करतो. शून्याची दुप्पटही तो तितक्याच तत्परतेने करून द्यायचा. शिवाय उपग्रहाशी बोलणारी एक थाळी होती, जिला वर मोकळं आकाश लागतं, झाड चालत नाही. (माणसं हौसेने फिरायला जातात त्या बहुतेक जागांना झाडं असतात. हा निसर्गाचा दोष आहे.) थाळी बॅटरीवर चालायची आणि थाळी चालू असली की त्या बॅटरीवर दुसरं काहीच चालायचं नाही. म्हणून ओट्यावर सूचना लागली: 'बैठक सुरू असताना पाणी तापवू नये. घाबरू नका. चहा बारा वाजता मिळेल.'

सासूबाईंनी ती चष्मा लावून वाचली. "जावईबापू, अक्षर छान आहे हो तुमचं," एवढंच म्हणाल्या.

पहिला मुक्काम तलावाकाठी पडला. पाणी असं, की बायको दारातच उभी राहिली, तिला चप्पल घालायचंही सुचेना. सिग्नलच्या रेघा मात्र दोन आणि त्याही गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरच. परिशिष्टाने सोमवारची बैठक तशीच केली. वर इस्त्रीचा शर्ट, खाली दुमडलेली पॅन्ट, हातावर लॅपटॉप. बायकोने त्याचं रेखाचित्र काढून पाठवलं आणि संपादकांनी ते 'बगळा' म्हणून पसंत केलं.

दुसरा मुक्काम डोंगरमाथ्यावर. चार रेघा मिळाल्या, पण वारा एवढा, की विभागप्रमुख बाईंनी विचारलं, "तुम्ही पिठाच्या गिरणीत आहात का?"

तिसरा जंगलात. तिथे रेघ नाही, टिंब नाही, काही नाही. बायकोने झऱ्याकाठी बसून दोन दिवसांत तीन चित्रं उरकली. परिशिष्ट झाडावर चढला. खाली खुर्ची टाकून सासूबाई त्यांच्या जुन्या बटणाच्या फोनवरून बहिणीशी बोलत होत्या: "हो गं, एकदम स्पष्ट ऐकू येतंय. हवा छान आहे. जावई? झाडावर आहेत."

चौथा मुक्काम एका मोठ्या फर्निचरच्या दुकानामागच्या वाहनतळावर पडला. पाच रेघा! परिशिष्टाचे डोळे पाणावले. ते तिथे सहा दिवस राहिले.

यानंतर मुक्कामाची जागा कशी निवडायची हा प्रश्नच मिटला. तेवीस दिवसांच्या आढाव्यात पाणी दिसलेली ठिकाणं चार निघाली, पैकी एक गाड्या धुण्याचं केंद्र. वाहनतळ अकरा. (यात पेट्रोल पंप धरलेले नाहीत. तिथे थेंबे थेंबे तळं साचत होतं, पण तेलाचं.) बायकोची बारापैकी पाच चित्रं झाली होती. पाचव्यात पाण्यावर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग होता. संपादकांनी कळवलं, 'कल्पना धाडसी आहे, पण दुसरीच्या मुलांना जरा जड जाईल.'

एवढं करूनही जोडणी दोनदा तुटली. पहिल्यांदा थाळीवर एक बदक बसलं आणि चाळीस मिनिटं उठलं नाही. दुसऱ्यांदा सासूबाईंनी ऐन बैठकीत किटली लावली.

"आई, अहो सूचना लावलीय ना!"

"वाचली की. नियम तुमच्या ऑफिसचा, घसा माझा."

दोन वेळा झाल्या. आता गुरुवारी अकराला परवानग्यांच्या नूतनीकरणाची बैठक होती. त्यात तिसऱ्यांदा तुटली, की परिशिष्ट पुन्हा आपल्या जुन्या टेबलावर. ते टेबल प्रिंटर आणि गळका एसी यांच्या मधोमध होतं. एसीखाली ठेवलेलं टमरेल दर दोन तासांनी रिकामं करणं हे त्याच्या कामाच्या स्वरूपात लिहिलेलं होतं. (परिशिष्ट ब.)

"आणि माझी सात चित्रं?" बायकोने विचारलं.

"ती रद्द होत नाहीत. फक्त पाणी रद्द होतं."

"कधी?"

"आपोआप," तो म्हणाला. हा शब्द त्याला पहिल्यांदाच आवडला नाही.

बुधवारी शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या निवृत्त लाइनमन काकांना त्याने गाठलं. काकांनी चाळीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढली होती आणि जमिनीवरच्या कुठल्याही गोष्टीला त्यांच्या लेखी फारसा अर्थ नव्हता.

"काका, खात्रीचं नेट कुठे मिळेल?"

"जिथे वायर आहे तिथे."

"वायर कुठे आहे?"

"तू काम करतोस कुठे?"

"ऑफिसात. म्हणजे ऑफिसात नाही. म्हणजे ऑफिसचं."

"मग तिथे आहे," काका म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

गुरुवारी सकाळी सहा वाजता कॅराव्हॅन निघाली. अंतर दोनशे बारा किलोमीटर. बायकोने नकाशा उलगडून पाहिला. मग म्हणाली, "मला एकदा नीट समजावून सांग. ऑफिसला जावं लागू नये म्हणून आपण ऑफिसला चाललोय?"

"ऑफिसला नाही गं. ऑफिसच्या वाहनतळावर. पाहुण्यांचं वायफाय खालपर्यंत येतं."

"मग वरच जा ना."

"वर गेलो तर बाहेर राहिलो कुठे?"

"आई, ऐकतेस ना?"

"मी कशाला ऐकू," मागून सासूबाई म्हणाल्या. "पसंत तू केलास."

वाहनतळ खच्चून भरला होता. सगळ्या गाड्यांच्या काचांना पडदे. एवढे लोक प्रामाणिकपणे कामावर आलेले बघून परिशिष्टाला स्वतःची लाज वाटली. तिसऱ्या रांगेत, पडदे लावलेला एक टेम्पो आणि त्याच्या कॅराव्हॅनहून दीडपट मोठी दुसरी एक कॅराव्हॅन, यांच्या मधे एकच जागा सापडली. त्याने मागे बायकोने चादरीवर रंगवून दिलेला तलाव टांगला, पासवर्ड टाकला ('घाबरूनका१', त्याचाच) आणि अकराच्या ठोक्याला हजर झाला.

पडद्यावर एकोणचाळीस चौकोन. कुणाच्या मागे बर्फ, कुणाच्या मागे धबधबा, विभागप्रमुख बाईंच्या मागे समुद्र आणि तीन पक्षी. (पक्षी वीस मिनिटांत हलले नाहीत. शिस्तीचे असावेत.) नेटवर्क तर असं सुसाट, की बाई खोकल्या की खोकला आधी खिडकीबाहेरून ऐकू यायचा आणि मग लॅपटॉपमधून. तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं आहे, असं परिशिष्टाच्या मनात आलं.

"आता परिशिष्ट यांचं प्रकरण," बाई म्हणाल्या. "जोडणी दोनदा तुटलेली. आज जर—"

अकरा वाजून बावीस मिनिटांनी समुद्र गेला, बर्फ गेलं, धबधबा गेला. एकूण एकोणचाळीस चौकोन काळे झाले.

कारण असं, की त्या वेळी इमारतीत एकच व्यक्ती होती, सफाईवाल्या मावशी, आणि व्हॅक्यूम क्लीनर लावायला त्यांनी भिंतीतला एक प्लग काढला होता.

मग टेम्पोचं दार उघडलं. त्यातून इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई उतरल्या. समोरच्या गाडीच्या डिकीतून प्रशिक्षण विभाग निघाला. पहिल्या रांगेतल्या तंबूतून भरती विभाग रांगत बाहेर आला. आणि शेजारच्या मोठ्या कॅराव्हॅनच्या पायरीवर विभागप्रमुख बाई उभ्या राहिल्या. वर कोट, खाली पायजमा, पायात सशाच्या कानांची चप्पल.

सगळ्यांनी सगळ्यांना बघितलं. कलम चौदा सगळ्यांनाच लागू होतं, आणि एकाचीच तुटली असती तर गोष्ट वेगळी होती.

परिशिष्ट कॅराव्हॅनमधून खाली उतरला. "बाई," तो चार फुटांवरून म्हणाला, "माझा आवाज येतोय का?"

बाईंनी विचार केला. "येतोय," त्या म्हणाल्या. "जरा खरखर आहे."

"माझ्याकडे पण स्पष्ट आहे," तंबूजवळून भरती विभाग ओरडला. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. पुढची नऊ मिनिटं बैठक त्याच जोमाने चालली. इतिवृत्तवाल्या बाई बोलायला लागल्या, तर तीन जण म्हणाले, "म्यूट आहात." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुणीतरी विचारलं, "समुद्र कसा आहे?" बाई म्हणाल्या, "शांत." ज्याअर्थी बैठक सुरूच आहे त्याअर्थी जोडणी तुटलेली नाही, हे परिशिष्टाचं म्हणणं बिनतोड ठरलं आणि हजर असलेल्या सगळ्यांना कायमची परवानगी मिळाली.

इतक्यात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मावशी वाकल्या. "अहो, उन्हात काय करताय सगळे? वर या की! खुर्च्या मोकळ्या आहेत, पुसून ठेवल्यात!"

एकोणचाळीस जणांनी मावशींकडे दयेने पाहिलं. बिचारीला ऑफिसात जावं लागत होतं.

ही बैठक ऑनलाइन झाली नाही, म्हणून संगणकावर नाही. ऑफिसात झाली नाही, म्हणून वहीत नाही. परवानगी तेवढी खरी आहे.

बायकोने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग घडीचं टेबल, एक खुर्ची, अँटेना आणि चादरीचा तलाव खाली उतरवून दिला. "तुला कायमची मिळाली ना? मग रहा कायमचा बाहेर," ती म्हणाली. "आम्ही पाण्याकडे जातो. आणखी सात काढायची आहेत." सासूबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "फोन करा हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "मला लागतो कुठेही."

परिशिष्ट सध्या तिसऱ्या रांगेत असतो. कायमच्या परवानगीमुळे वाहनतळावरची गर्दी वाढली आहे आणि त्याच्या वाट्याला जेमतेम एक रेघ येते. बायको रोज तलावाचा फोटो पाठवते. तो वरून खाली उघडत जातो. आकाशापर्यंत येतो आणि थांबतो. पाण्याची पाळी अजून आलेली नाही. सबब, त्याने पुढील विनंती अर्ज सादर केला आहे:

'प्रति, हा मजकूर वाचणारे सर्व. आपण या क्षणी एखाद्या खिडकीकडे, डोंगराकडे किंवा घरच्या माणसाकडे पाठ करून हे वाचत आहात, असे निदर्शनास आले आहे. तरी आपण आपले नेट पाच मिनिटे बंद ठेवून मागे वळून पाहावे, जेणेकरून अर्जदाराच्या फोटोचा उरलेला भाग उतरेल. काय दिसले ते आपल्या हस्ताक्षरात, फोटो न काढता, तीन प्रतींत कळवावे. पाच मिनिटे सलग असावीत. घाबरू नये.'