मास्तरांची बत्तीशी

मुलीचं लग्न ठरवताना मास्तरांनी एकच थाप मारली होती. व्याह्यांनी सहज विचारलं होतं, "मास्तर, या वयात दात अगदी शाबूत दिसतात?" तेव्हा मास्तर म्हणाले, "बत्तीसच्या बत्तीस. सगळे माझेच." आता खोटं म्हणावं, तर तसंही नाही. कवळी पदरचे पैसे घालून केलेली, म्हणजे माझीच की. पण एकदा बोललेलं निभवावं लागतं, आणि आता दोन्ही घरं मिळून चार दिवस समुद्रकिनारी आली होती.

पहिल्या सकाळी दीपगृह पाहून झालं. व्याही धापा टाकत होते, म्हणून शेवटच्या पायरीवर मास्तरांनी मुद्दाम तोंडभर हसून दाखवलं. मग सगळे किनाऱ्यावर उतरले. फोटोसाठी दोघे व्याही समुद्राकडे पाठ करून गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

"बाबा, जरा मोठं हसा," जावई म्हणाला.

मास्तरांनी बत्तीशी दाखवली आणि नेमकी मागून लाट आली. लाट ओसरली तेव्हा मास्तर पाण्यात बसले होते आणि त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

चाळीस वर्षांचा संसार, बायकोला एका नजरेत कळलं. "ह्यांचा घसा बसलाय," तिने जाहीर केलं. झालं, विहिणीने गुळण्या सुचवल्या, जावयाने गोळ्या आणल्या आणि व्याह्यांनी मास्तरांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आ करा. मास्तरांनी मान हलवली. डॉक्टरांनी चमचा पुढे केला, तसे मास्तर खुर्चीसकट मागे सरकले. दातखीळ बसलीय, इंजेक्शन द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मुलगी रडकुंडीला आली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगावं, तर मुलीच्या सासरी बाप थापाड्या ठरणार. ते ताडकन उठले आणि कासवं बघायला चला, अशी खूण करत बाहेर पडले.

किनाऱ्याच्या पुढच्या वळणावर कासवांची अंडी जाळी लावून राखली होती. तिथल्या राखणदाराने आधी कासवांची माहिती सांगितली आणि मग बादलीतून एक वस्तू वर काढली.

"ही आत्ता भरतीबरोबर आली, थेट अंड्यांच्या जाळीत. कुणाची असेल तर सांगा. नाहीतर प्रदर्शनाच्या कपाटात ठेवणार, प्रवाशांनी समुद्रात टाकलेला कचरा म्हणून."

मास्तरांची कवळी सगळ्यांकडे बघून हसत होती. मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना. फुटला असता तरी कुणाला कळला नसता.

"माझी आहे," व्याही म्हणाले.

विहीण नवऱ्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. राखणदार मात्र कामात चोख होता. परवाच एकाने दुसऱ्याचा चष्मा नेला होता, म्हणून त्याने कवळी घालून दाखवायला सांगितली. व्याह्यांनी ती नळाखाली धुतली, पाठ केली, रुमाल तोंडाशी नेऊन जरा खटपट केली आणि वळून छान हसले. राखणदाराने वहीत त्यांची सही घेतली.

नंतर व्याह्यांनी मास्तरांना खडकाआड नेलं. "पहिल्याच भेटीत ओळखलं होतं मी. पेरू पुढे केला, तर तुम्ही बिया वेचत बसलात. मीही तेच करतो." त्यांनी रुमाल उलगडला. आत त्यांची स्वतःची कवळी होती.

मास्तरांचे डोळे भरून आले. एवढा मोठ्या मनाचा माणूस, आणि आपण त्याच्यापुढे दात मिरवत होतो. त्यांनी आपल्या कवळीसाठी हात पुढे केला. व्याही घुटमळले.

"मास्तर, एक विचारू? तुमची मला फार छान बसतेय हो. माझी बघता का घालून?"

मास्तरांनी ती धुऊन घातली. तीन वर्षं डाव्या बाजूला टोचत होतं, ते एकदम थांबलं.

संध्याकाळी दोघांनी किनाऱ्यावर बसून भाजलेली कणसं दाण्यान् दाणा खाल्ली. घसा कसा सुटला, असं मुलीने विचारलं तेव्हा मास्तरांनी समुद्राच्या हवेचं नाव सांगितलं.

बत्तीसच्या बत्तीस, असं मास्तर अजूनही सांगतात. सगळे माझेच, असं मात्र म्हणत नाहीत.