नदीकडचा दरवाजा

लग्नाला चाळीस दिवस झाले, तरी ऋषीला बायकोशी धड चार शब्द एकांतात बोलता आले नव्हते. जालन्यातल्या त्या दोन खोल्यांत आई-बाबा होतेच; शिवाय लग्नाला म्हणून भोकरदनहून आलेली गोजरआत्या परत जायचं नाव काढीत नव्हती. आठवडाभर श्रद्धा गप्प गप्प होती. का, ते विचारायचं तर तिघांच्या साक्षीनं विचारावं लागलं असतं.

म्हणून त्यानं बेत केला. रविवारी मोटारसायकलवर दोघंच गोदाकाठची गढी बघायला जायचं. डागडुजी होऊन ती नुकतीच खुली झाली होती.

"नवी नवरी नदीकाठी जाणार, अन् संगं मोठं माणूस न्हाई?" आत्या म्हणाली. "मी येते."

आत्या येणार म्हणून बाबा, बाबा येणार म्हणून आई, आणि मोटारसायकलवर पाचजण मावत नाहीत म्हणून शेजारच्या बद्रीनाथचा टेम्पो. टेम्पोत उरलेली जागा बद्रीनाथच्या घरच्यांनी भरून काढली.

गढीत ज्या बुरुजावर जावं तिथं आपलंच माणूस. एकावर बाबा नवा चुना नखानं खरवडून पारखत होते, दुसऱ्यावर आत्या धपाटे वाटत होती. "ऋषी, तिला चटणी दे रे!"

शेवटी दोघं नदीकडच्या दिंडीदरवाजातून सटकली. पलीकडं पाचच पायऱ्या, खाली भरलेली गोदावरी. तेवढ्यात मागं दार लागलं आणि आतल्या बाजूनं कडी पडली.

ऋषी दारावर मूठ आपटणार, तोच श्रद्धानं हात धरला. "जल्दी काय हाय?"

"अगं, अडकलो आपण!"

"अडकू द्या. करमतं का, म्हणून सगळे विचारतात. तुम्ही एकदाबी न्हाई विचारलं."

"विचारायला जागा कुठं होती?"

"मंग आता विचारा की."

त्यानं विचारलं.

"तुम्ही कामावर गेल्यावर बिलकुल न्हाई करमत," ती पाण्याकडं बघत म्हणाली. हात तिनं सोडला नव्हता.

आतून आत्याचा आवाज आला, "अगं प्रेमला, लेकरं कोंडली की! काढ ती कडी!"

"कुलूप हाय, अक्का," आई म्हणाली. "किल्लीवाला अंबडला गेल्ता, येऊन राह्यला. घंटाभर लागंल. तुम्ही तवर जेवून घ्या."

ऋषीनं फटीला डोळा लावला. कुलूप नव्हतंच. कडीवर पदर टाकलेला होता, आणि त्याखाली आईच्या हातानं ती घट्ट धरून ठेवली होती.

"काय दिसतंय?" श्रद्धानं विचारलं.

"कुलूप," ऋषी तिच्याशेजारी पायरीवर बसत म्हणाला. "लई मोठं हाय."