पगार सरांचे रेणू

नाशिकरोडच्या आमच्या कॉलेजात पगार सर समोरून आले, की मी हात पदराखाली लपवते. हात दिसला की ते धरणार आणि म्हणणार, "मॅडम, आज तुम्ही हायड्रोजन!"

मी मराठी शिकवते, ते रसायनशास्त्र. त्यांच्या लेखी माणसं म्हणजे जोडायला मिळालेले अणू. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. सर मूळचे सटाण्याकडचे. उत्साह वाढला की प्रमाण मराठी सुटते आणि अहिराणी सुरू होते. "ऑक्सिजनले दोन हात शेतस! एक मोकळा कसा राहील?" असं ओरडत त्यांनी एकदा मला आणि ग्रंथपालबाईंना शिपायाच्या दोन्ही बाजूंना उभं करून पाणी बनवलं होतं. दुसऱ्यांदा खुद्द प्राचार्यांना कार्बन केलं, चार कारकून भोवती लावले आणि म्हणाले, "मिथेन तयार आहे. आता कोणी काडी ओढू नका."

मिठाला मात्र हात धरायचे नाहीत. तिथे खडू म्हणजे इलेक्ट्रॉन. सोडियम झालेल्या मुलाने आपला खडू क्लोरीनला कायमचा देऊन टाकायचा. देणारा धन होतो, घेणारा ऋण, आणि मग दोघं एकमेकांना चिकटतात. "वाटून घेतला तर सहसंयुज, देऊन टाकला तर आयनिक!" वर्ग हसून हसून लोळायचा, पण हे कुणी विसरायचं नाही.

एका वर्षी अकरावीला सुरगाण्याची हिरा नावाची मुलगी होती. सरांची सर्वांत आवडती. दिवाळीनंतर ती आलीच नाही. घरच्यांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला गेल्याचं कळलं.

रविवारी सर स्कूटर घेऊन माझ्या दारात हजर. "चला मॅडम, द्राक्षं खायला."

"आत्ता कुठली द्राक्षं? कच्ची असतील."

"मग कच्ची बघायला."

बागेत घडातले जादा मणी काढायचं काम चाललं होतं. जेवणाची सुट्टी झाली आणि बायका वेलींच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून बसल्या, त्यांचा मुकादम जरा बाजूला. आम्हाला बघून हिरा आईच्या मागे सरकली. आई आधीच म्हणाली, "सर, पोरगी हुशार हाय, मला ठावं हाय. पण एक हात कमी झाला तर भागत नाय."

मला वाटलं, आता सर शिक्षणाचं महत्त्व सांगणार. त्यांनी खाली पडलेला एक हिरवा मणी उचलून हिराच्या आईच्या हातात दिला. "तुम्ही सोडियम. मुकादम, इकडे या, तुम्ही क्लोरीन. आता ताई, हा मणी त्यांना देऊन टाका."

तिने दिला.

"आता त्यांना चिकटा."

"ह्याला चिकटाया मी नाय जायची!"

बायकांच्या हसण्याने बाग दणाणली. मुकादम लाजून वेलीआड झाला. सरांनाही पुढे बोलता येईना, इतके ते हसत होते. मग हिराच उठली आणि बायकांना आपल्या बोलीत समजावू लागली. सोडियम नुसता पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन नुसता छातीत गेला तर माणूस मरतो, आणि दोघं जोडले गेले की तेच आपण भाकरीवर घेतो ते मीठ. एका म्हातारीने चिमूटभर मीठ तळहातावर घेऊन निरखून पाहिलं. आई मिठाकडे बघत नव्हती, ती लेकीकडे बघत होती.

"हिचा पेपर कवा हाय?" तिने विचारलं.

हिरा परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहिली आणि चांगली पास झाली.

उन्हाळ्यात मायलेकी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ घेऊन आल्या. सरांना द्यायचं होतं, म्हणून मी त्यांना सरांच्या घरी घेऊन गेले. माझीही ती पहिलीच वेळ. सरांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. टेबलावर मेसचा डबा होता. हिराच्या आईने झाकण उघडून वास घेतला.

"हे जेवता व्हय?" म्हणत ती सरळ स्वयंपाकघरात शिरली.

सर "अहो ताई, कशाला, राहू द्या" म्हणत मागे गेले आणि दारातच थांबले. तव्यावर भाकरी फुगली. त्यांना तिथेच स्टुलावर बसवून तिने ताट वाढलं. सर मान खाली घालून जेवले. भाकरी संपली, तरी ताटावरून उठेनात.

मग अगदी हळू म्हणाले, "अजून अर्धी मिळेल का?"

तिने अख्खी वाढली.