घड्याळजींची मिरची

बायकोने लावलेल्या रोपाने ती गेल्यानंतर एकच मिरची धरली. ती लाल होऊन वाळेपर्यंत घड्याळजींनी तिला हात लावला नाही. रोपाने तर केव्हाच मान टाकली होती. आता जे काही उरलं होतं, ते त्या मिरचीच्या पोटात.

रविवारी त्यांनी टेबलावर कागद पसरला, मिरची बोटांनी मोडली आणि चिमट्याने एकेक बी सुटी करू लागले. पोचट बी उगवत नाही, म्हणून पारखायला त्यांनी भिंग उचललं आणि डोळ्यात बसवलं. उभा जन्म ते असंच बसवत आले होते. फक्त त्या बोटांना आजवर मिरची लागलेली नव्हती.

डोळ्याची आग आग झाली. त्यांनी भिंग टाकलं, डोळा चोळला आणि घाबरून दुसराही चोळला.

समोरच्या खिडकीतून शिवणवाल्या ताईंनी हे पाहिलं. बायको गेली तेव्हाही या माणसाने टिपूस गाळलं नव्हतं. तेव्हापासून लोक बिघडलेली घड्याळं दारातच देत आणि दारातूनच नेत. ताई मशीन सोडून धावल्या.

"रडा काका. मोकळे व्हा."

"अहो, मिरची आहे!"

"असेना का. काहीतरी निमित्त लागतंच."

"निमित्त नाही हो, खरीखुरी मिरची!"

ताईंनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. मग त्यांनाच भरून आलं. त्यांनी डोळे पुसले आणि पुढच्याच क्षणी "आई गं!" करून किंचाळल्या.

वरच्या मजल्यावरचे बँकवाले धावत आले. दोघांना धाय मोकलून रडताना पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "कोण गेलं?"

"कोणी नाही! पाणी आणा!"

"आणतो. आधी जरा हवा येऊ द्या," म्हणत त्यांनी पंखा लावला. तोही फुल्ल.

कागद उडाला. बिया खोलीभर झाल्या.

"बंद करा तो! तिच्या बिया आहेत! पाय हलवू नका कोणी!"

घड्याळजींचा आवाज असा फाटला, की बँकवाले एका पायावरच थांबले.

मग दोघांनी डोळे धुतले आणि तिघेही गुडघ्यांवर बसून बिया शोधू लागले.

"ही घ्या, सापडली!"

"ते नख आहे."

"आणि ही?"

"हा स्क्रू. पण द्या इकडे, केव्हाचा शोधतोय!"

ताईंना हसू फुटलं. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं.

दुपारी दोघे आपापल्या घरी गेले. घड्याळजी एकटेच फरशीवर पालथे पडले. उरलेल्या साऱ्या बिया कपाटाच्या पायामागे गोळा होऊन बसल्या होत्या. त्यांनी त्या पुडीत बांधल्या. काम संपलं. घरात पुन्हा टिकटिक तेवढी ऐकू येऊ लागली.

संध्याकाळी दार वाजलं. सुजलेल्या डोळ्यांनी ताई विचारत होत्या, "काका, मिळाल्या का हो सगळ्या?"

घड्याळजींनी पुडी धरलेली मूठ पाठीमागे नेली.

"कुठल्या हो! बऱ्याच राहिल्यात. उद्या याल जरा?" आणि ताई वळल्यावर घाईने म्हणाले, "बँकवाल्यांनाही सांगा. त्यांची नजर फार चांगली आहे."