टायपिस्टबाईंच्या रजेचा आंतरराष्ट्रीय प्रश्न

माझं तोंड बंद करणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. अठरा वर्षं सरकारी वकील आहे मी, तोही आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांचा. म्हणजे परदेशातली समिती आमच्या सरकारला विचारते, तुमच्याकडे माणसांना नीट वागवतात का? आणि मी साठ पानांत सांगतो, की अगदी नीट.

या खेपेला विषय होता कामगारांचे हक्क. सुनावणी पडद्यावरून. समिती तिकडे, मी माझ्या ऑफिसात. मी आपल्या भाषेत बोलायचं आणि तिकडच्या दुभाष्यानं भाषांतर करायचं. विश्रांती, रजा, घरच्यांसाठी वेळ यांवर मी चाळीस मिनिटं असा काही बोललो, की माझेच डोळे पाणावले. मग दहा मिनिटांची सुट्टी झाली.

तेवढ्यात आमच्या टायपिस्टबाई दारात आल्या. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दुपारी दोनला होतं. रजेचा अर्ज त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच दिला होता, आणि मी तो कुठल्याशा फायलीखाली सरकवून विसरलो होतो. निदान अर्धा दिवस तरी सोडा, असं त्या म्हणत होत्या. मला समितीला द्यायची उत्तरं टाइप करून हवी होती.

"डोळा आईचा, कापणार डॉक्टर, त्यात तुमचं काय काम?" मी म्हणालो. "उत्तरं झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. आणि रजेचं नाव पुन्हा काढू नका."

त्या गेल्या. मी पाणी प्यायलो आणि सहज पडद्याकडे पाहिलं. समितीचे नऊच्या नऊ सदस्य कानाला यंत्र लावून माझ्याकडे टक लावून बघत होते. सुट्टीत चहाला उठायची तिकडे पद्धत नसावी. माझा माईक चालू होता. आणि दुभाषी इतका इमानदार, की त्यानं एक शब्द खाली पडू दिला नव्हता!

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. "ही आई कोणाची? आमच्या कागदांत हे प्रकरण दिसत नाही."

मी सारवासारव करायला गेलो. बाई आम्हाला अगदी घरच्यासारख्या आहेत, असं म्हणालो. त्याचं भाषांतर काय झालं देव जाणे, पण पुढचा प्रश्न आला, की मग त्या तुमच्या घरीही राबतात का? नाही नाही म्हणता म्हणता माझा सदरा पाठीला चिकटला. शेवटी वकिली डोकं चाललं. साक्षीदारच उभा करू! बाईंना बोलावून कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि म्हटलं, सांगा यांना, तुम्ही इथे खुशीनं काम करता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"खुशीनंच करते," त्या म्हणाल्या. "आता जाऊ का?"

भाषांतर संपलं आणि तिकडे नऊ पेनं एकदम चालू लागली.

सचिवसाहेबही आपल्या खोलीत सुनावणी बघत होते. त्यांचा फोन आला. बाईंना मी स्वतः, माझ्या गाडीतून, ताबडतोब दवाखान्यात सोडायचं होतं, आणि समितीला लेखी खुलासाही मीच द्यायचा होता. वाटेत बाईंची माफी मागायचं मी चारदा ठरवलं. चारही वेळा नेमका सिग्नल हिरवा झाला.

पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. ऑपरेशन होऊन गेलं होतं. सोबतीला आलेली शेजारीण घरी निघायच्या तयारीत होती. आजी डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर बसल्या होत्या. मी कोण ते कळल्यावर त्यांनी मला हात जोडले आणि लेकीवरच उखडल्या.

"हीच मला सांगते, साहेब रजा घे, रजा घे म्हणून मागं लागलेत, पण काम टाकून माझाच पाय निघत नाही. अगं, एवढा चांगला साहेब, त्याचं तरी ऐकावं माणसानं."

बाईंनी ना आईकडे पाहिलं, ना माझ्याकडे. पिशवीतून औषधाची बाटली काढून त्या तिच्यावरचं लेबल वाचत राहिल्या. अठरा वर्षं मी सरकारची बाजू मांडली, पण माझी बाजू इतक्या सफाईनं कुणी मांडली नव्हती. खरं बोलायला याहून बरी वेळ मिळाली नसती. मी घसाही साफ केला.

"हो ना आजी," मी म्हणालो. "ऐकतच नाहीत."