इंदूअक्का आणि पडद्यावरची ती

इंदूअक्कांबरोबर मी जेवढे सिनेमे पाहिले, त्यांतल्या निम्म्यांचा शेवट मला आजही ठाऊक नाही. सिनेमात कोठ्यावरची बाई असली आणि नायकाला वाचवायला ती गोळीसमोर आली, की अक्का उठायच्या. "मारली. साकु, नडी," म्हणत माझं मनगट धरायच्या. म्हणजे पुरे झालं, चल. रांगेतल्या लोकांच्या पायांवर पाय देत आम्ही बाहेर. नायक-नायिकेचं लग्न लागायचं ते आमच्या पाठीमागं.

धारवाडात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. नव्वदच्या सुमाराला मी सरकारी कचेरीत नुकती लागले होते. अक्का मराठी शाळेत शिकवायच्या. वय पन्नाशीला आलेलं, लग्न केलेलं नाही, अंगावर कायम कडक इस्त्रीची सुती साडी. पौराणिक सिनेमा त्यांना नको, मारामारीचा नको, घरगुती तर मुळीच नको. पोस्टरवर घुंगरू दिसले की मात्र रविवारी दुपारच्या खेळाला हुबळीला जायचं ठरलंच. गल्लीला वाटायचं, बाईंना नाचगाण्याची भारी हौस.

खरं तर त्या सिनेमा बघायला जात नसत, तपासायला जात. पोरांच्या वह्या तपासाव्यात तसा. "सुधा, हिला कधी सर्दी होते का गं?" भर थिएटरात त्या मला विचारायच्या. "रेशमात बसते, गाते, रडते, मरते. भूक लागत नाही, दाढ दुखत नाही. माणूस आहे तर शिंकेल की." पुढच्या रांगेतला कुणी वैतागून वळला, तर अक्का त्यालाही मत विचारायच्या.

परतीच्या बसमध्ये उणकलच्या तळ्यापर्यंत त्यांचा राग टिकायचा. सिनेमावाल्यांना ही बाई चांगली दाखवायची असते, पण जगू द्यायची नसते, असं त्यांचं म्हणणं. मेली की लोकांना डोळे पुसून मोकळं होता येतं. जगली तर तिला कुणाच्या तरी घरी न्यावं लागेल, आणि ते कुणाला पाहिजे? तळं मागं पडलं की त्या धारवाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायच्या.

एकाच सिनेमाला त्यांनी पास केलं. फारसा चालला नाही तो. त्यातली बाई बाजारात वांगी निवडत होती. एक किडकं निघालं तसं ते तिनं भाजीवाल्याच्या नाकासमोर धरलं, आणि अक्कांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या थिएटरात एकट्यांनीच. पुढं तिनं पोराचा अभ्यास घेतला, शेजारणीशी नळावरून भांडली, आणि शेवटी मेली नाही. दुसऱ्या गावाच्या बसमध्ये बसली आणि सिनेमा संपला. दिवे लागले तरी अक्का खुर्चीतून उठेनात. कुठं उतरली असेल गं ती, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अक्का, सिनेमा संपला. सोपं गणित चुकलेल्या पोरीकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

त्यांची निवृत्ती जवळ आली होती, तेव्हा शाळेत पुण्याहून फोन आला. कधी रजा न घेणाऱ्या अक्का त्याच दिवशी रजा टाकून गेल्या, आणि येताना पांढऱ्या केसांच्या, बुटक्याशा एका बाईंना घेऊन आल्या. "ही माझी थोरली बहीण, शांताक्का," असं त्यांनी दारोदार सांगितलं. गल्ली चक्रावली. अक्कांची थोरली बहीण लहान वयातच तापानं गेली, असं सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

खरं काय ते अक्कांनी मला बटाटे सोलता सोलता सांगितलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवऱ्यानं शांताबाईंना पुण्यात नेऊन विकलं होतं. त्या एकदा निसटून माहेरी आल्या. वडिलांनी दारातूनच परत लावलं, आणि गावाला सांगितलं की थोरली तापानं गेली. परकर-पोलक्यातल्या इंदूअक्का तेव्हा दाराआड उभ्या होत्या. उतारवयात शांताबाई एका वसतिगृहात स्वयंपाक करत. तिथल्याच कुणीतरी शोध काढून फोन केला होता.

त्या सोशिक, अबोल असतील असं मी धरून चालले होते. निघाल्या भलत्याच. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्कांच्या साराला नावं ठेवली. दुपारी रेडिओ मोठ्यानं लावून घोरायच्या. पत्त्यांत सरळसरळ लबाडी करायच्या आणि पकडल्या गेल्या की रुसायच्या. अक्का भांडायच्या, आणि भांडताना इतक्या खुशीत दिसायच्या की मला नवल वाटायचं.

मग हुबळीहून अक्कांचे भाऊ आले. वकील माणूस, मुलीचं लग्न ठरत आलेलं. मी ताक द्यायला गेले होते, ती दारातच थबकले. शांताबाई जेवायला बसल्या होत्या, घास हातातच राहिला होता. भाऊ खालच्या आवाजात सांगत होते की वरपक्ष जुन्या वळणाचा आहे, चौकशा करतोय, लग्न होईपर्यंत तरी हिला पुण्याला ठेव.

"अण्णा, ती जेवायला बसलीय," अक्का म्हणाल्या. "तूही बस. तुझं पान मांडते."

"मग इंदू, लग्नाला तूही येऊ नकोस."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि शांताबाईंच्या भातावर तूप वाढलं.

ती भाची दर सुट्टीत अक्कांच्या कुशीत झोपून मोठी झालेली. तिच्यासाठी त्यांनी इरकल साडी घेऊन ठेवली होती. लग्नाच्या दिवशी सकाळी शांताबाई पिशवी भरून दाराशी उभ्या राहिल्या, मी जाते म्हणाल्या. अक्कांनी पिशवी काढून घेतली आणि ती साडी बहिणीला नेसवली. काठ टोचतात म्हणून शांताबाई दिवसभर कुरकुरल्या. मुहूर्ताची वेळ टळेपर्यंत अक्का घड्याळाकडं बघत बसल्या.

पुढं भिंतीपलीकडून मला सारख्या हाका ऐकू येऊ लागल्या. "शांताक्का." "काय गं?" "काही नाही." सकाळी तेच, दुपारी तेच. शांताबाईंनी माझ्याकडं तक्रार केली, हिला काम नसताना हाक मारायची खोड आहे, डोकं पिकवते. त्याच दुपारी अक्का अंगणात दोरीवरचे कपडे काढत होत्या. मी हसत हसत त्यांना ते सांगितलं.

"घरात तिचं नाव घ्यायला बंदी होती गं," त्या म्हणाल्या. "वडील गेले तरी अण्णानं ती पाळली. मग वर्गात कुणी शांता असली की मी दिवसभर तिलाच उठवायचे. शांता, फळा पूस. शांता, खिडकी लाव. पोरगी दमून जायची बिचारी."

हातातला टॉवेल तसाच धरून त्यांनी आत तोंड केलं, आणि अगदी हळू, झोपमोड होणार नाही अशा आवाजात म्हटलं, "शांताक्का."

आतून घोरणं तेवढं ऐकू आलं. शांताबाईंना दुपारची झोप लागली होती. अक्का टॉवेलाची घडी घालू लागल्या.